सोमवारचा अमोनिया

यंत्राला अमोनियाचा वास येत होता आणि दशांशरावांना येत नव्हता, हीच सगळी पंचाईत होती. प्रयोगशाळेच्या त्या खोलीत अमोनिया असण्याचे काही कारणच नव्हते. त्याची एकुलती एक बाटली शेजारच्या खोलीतल्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली दशांशरावांच्या खिशात. तरीही सकाळपासून शून्यावर झोपलेला पडद्यावरचा आकडा बैठकीच्या वेळी जागा झाला, तरातरा वर चढला आणि जेवणाची सुट्टी झाली तरी खाली उतरायचे नाव घेईना.

"पुन्हा सोमवार," सर्किटबाई म्हणाल्या. यंत्राच्या पोटातल्या साऱ्या तारा त्यांच्या अखत्यारीत, म्हणून त्या सर्किटबाई.

दशांशराव हे नावही असेच कामावरून पडलेले. चहात साखर किती घालू म्हणून कोणी विचारले, तर ते पाऊण चमचा न म्हणता शून्य दशांश सात पाच चमचे म्हणत. खोटा आकडा तोंडातून जाऊ द्यायचा नाही हे त्यांचे व्रत होते. चाळिशीतच त्यांचे डोके पांढरेशुभ्र झाले आणि बायको तर केस रंगवण्यात वाकबगार, घराच्या तळमजल्यावर तिचे पार्लरच होते. पण त्यांनी आपले डोके कधी तिच्या हाती दिले नाही. डोक्याने चुकीचे वय दाखवणे त्यांना मंजूर नव्हते. आत्ता ते आहे त्यापेक्षा दहा वर्षे जास्त दाखवते आहे त्याचे काय, असे बायको विचारी. व्रताला उत्तर लागत नाही, असे ते म्हणत. मानेवर काळ्या केसांचा एक पुंजका तेवढा शिल्लक होता. त्या पुंजक्यावर बायकोचा फार जीव. लग्नातला नवरा तेवढाच उरलाय, असे ती म्हणे.

यंत्र साधे होते, म्हणजे सांगायला. हातभर लांबीची एक नळी आणि तिच्या दोन टोकांना दोन आरसे. एका बारीक तोंडातून खोलीतली हवा नळीत ओढली जाई आणि लेसरचा किरण आरशांमधून त्या हवेत असंख्य येरझाऱ्या घाली. हवेत अमोनिया असला की तो किरणातला आपला वाटा गिळतो. किरण किती निघाला आणि किती पोचला यावरून अमोनिया किती ते कळते. वाण्याकडून निघालेला गूळ घरी किती पोचला यावरून वाटेत कोणी किती खाल्ला हे आई ओळखते, त्यातलाच प्रकार.

मोठ्या शीतगृहांतला गारवा अमोनियावर चालतो. तिथला नळ गळू लागला तर माणसे गुदमरतात. ती गळती माणसाच्या नाकाच्या कितीतरी आधी सांगणारे यंत्र दशांशरावांनी वर्षानुवर्षे खपून उभे केले होते, आणि बऱ्याच शीतगृहांचे एक मालक ते पाहायला महिन्याभराने एका सोमवारी येणार होते. त्यांना ते पटले तर यंत्राचे सोने होणार होते. नाही पटले तर काय होणार हे विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, आधीच सांगून ठेवले होते. यंत्र अडगळीत जाईल आणि दशांशराव जातील बाजारातल्या वजनांना शिक्के मारण्याच्या खात्यात. तिथे किलो आणि अर्धा किलो. दशांशांना तिथे कुत्रे विचारत नाही.

म्हणून ते कंबर कसून मागे लागले. आरसे पुसले. किरण नळीत शिरतो त्या काचेवरून थोडा उलटा फिरून आलेखावर लाटा उठवत होता, तर काच अंमळ तिरकी केली. अमोनिया भलता चिकट, नळीला धरून बसतो आणि निघता निघत नाही, म्हणून नळी गरम ठेवायची सोय केली. या सगळ्याने यंत्र इतके तीक्ष्ण झाले की सोमवारचा आकडा पूर्वीच्या दुप्पट चढू लागला. आधी घोळ अंधुक दिसत होता, आता तो स्वच्छ दिसू लागला एवढाच फरक.

मग संशयाची पाळी फरशीवर आली. फरशी पुसायच्या औषधात अमोनिया असतो, म्हणून दशांशरावांनी फरशी पुसणे बंद करवले. पुढच्या सोमवारी सर आले तेव्हा त्यांचा बूट फरशीला चिकटला. त्यांनी तो सोडवून घेतला, पडद्याकडे पाहिले, आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत चढला आणि फरशी व यंत्र या दोन्हींवर एकाच दमात बोलणी बसली. सर आठवड्यातून एकदाच, सोमवारच्या बैठकीला, खाली येत आणि नेमके तेव्हाच यंत्र फितूर होई. पण साहेब आले की यंत्र बिघडते हा जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांचा नियम आहे. त्याचे कारण कोणी शोधायला जात नाही.

सर तसे कामाला कडक. स्वतः निवृत्तीला टेकले होते, पण केस आणि मिशा कोळशासारख्या काळ्या. आमच्या घराण्यात पिकतच नाहीत, असे ते सांगत. दशांशरावांनी रविवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन सोमवारसाठी शून्य लावून ठेवायचे, हा हुकूमही सरांचाच होता. रविवारची संध्याकाळ कोणाला आवडेल? पण अचूकतेसाठी एवढे करायलाच हवे, असे सर इतक्या कळकळीने म्हणाले होते की दशांशरावांना भरून आले होते.

खरा प्रकाश पडला तो घरी. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. नवऱ्याचा शर्ट नाकाशी नेऊन ती म्हणाली, "याला माझ्या दुकानाचा वास येतोय."

दशांशराव उठून उभे राहिले. "तुझ्या दुकानाला कसला वास येतो?"

"केसांच्या रंगाचा. अजून कसला येणार?"

"आणि रंगात काय असतं?"

"अमोनिया," बायको म्हणाली आणि पुढच्या शर्टाची घडी घालू लागली.

सगळे चोख जुळत होते. दुकानात रविवारी सर्वांत जास्त गर्दी. घरात यायचा रस्ता दुकानातूनच. रविवारभर अमोनिया त्यांच्या कपड्यांत मुरायचा आणि सोमवारी ते तो स्वतःच खोलीत घेऊन जायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. असे असेल तर रविवारी संध्याकाळी तुम्ही इथे येता तेव्हा आकडा का चढत नाही, असे सर्किटबाईंनी विचारले. दशांशरावांनी त्याला अपवाद म्हटले आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानातून जाणे सोडले. मागचे दारही दुकानातच उघडत होते, म्हणून जिन्याच्या खालच्या खिडकीला लागून एक स्टूल ठेवले आणि ते खिडकीतून घरात ये-जा करू लागले. कपडे त्यांनी घट्ट बंद पिशवीत घालून गॅलरीत टांगले. जेवायला बायकोपासून जरा लांब बसू लागले आणि ती वाढायला जवळ आली की श्वास रोखू लागले. शेजारणीने बायकोला बाजूला घेऊन सगळे ठीक आहे ना, असे हळूच विचारले. बायकोने ठीक आहे म्हणून सांगितले, पण त्या रात्री भांडी जरा जोरात घासली गेली.

मालक यायच्या आधीचा रविवार उजाडायला आला तेव्हा दशांशरावांनी शेवटची मागणी मांडली. एक रविवार दुकान बंद ठेव. बायकोने आधी अंथरूण घालून घेतले. मग म्हणाली, बाकी सगळ्यांना नाही म्हणेन, पण दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने एक गिऱ्हाईक येतं, त्याला नाही म्हणता येणार नाही.

"कोण गिऱ्हाईक?"

"ते नाही सांगणार."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"असाल. पण लोक माझ्या खुर्चीत डोकं देतात ते मी तोंड उघडणार नाही म्हणून. तुम्ही खोटा आकडा सांगत नाही ना? तसं मी गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही." तिने दिवा मालवला आणि अंधारातून आवाज आला, "आणि त्या नळीशीच संसार करायचा होता तर मला कशाला आणलंत?"

दशांशरावांना वाईट वाटले. पण आता माघार नव्हती. रविवारी दुपारीच त्यांनी घर सोडले आणि संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम टाकला. सोमवारी सकाळी साबणाशिवाय अंघोळ केली, घडी न मोडलेले नवे कपडे घातले, त्यांतल्या टाचण्या काढल्या आणि तसेच यंत्रापुढे जाऊन उभे राहिले. आकडा शून्य. त्यांनी नळीच्या तोंडावर डोके नेले, हात नेले, बाह्या नेल्या. शून्य. सर्किटबाईंनाही त्यांनी जवळ बोलावले. शून्यच. त्या आनंदात त्यांना बायकोची आठवण आली आणि संध्याकाळी दुकानातूनच घरात जायचे असे त्यांनी ठरवले.

शीतगृहाचे मालक आले. धिप्पाड माणूस, आवाज थंडीत बोलून बोलून मोठा झालेला. यंत्रबिंत्रावर आपला विश्वास नाही, गळती आपल्याला आपले नाक सांगते आणि नाकाला वीज लागत नाही, असे त्यांनी आल्या आल्या ऐकवले. दशांशरावांनी कपाटातून बाटली आणली आणि टोपण नुसते किलकिले केले. पडद्यावर आकडा टुणकन उठला आणि गळतीसाठी खास आजच बसवलेला भोंगा वाजला. मालकांनी बाटलीपाशी नाक नेले, हुंगले, पुन्हा हुंगले. त्यांना काहीच आले नाही. सर्किटबाईंच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते.

"मला कसं नाही आलं?" मालकांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

जो वास रोज घ्यावा लागतो तो नाक हळूहळू ऐकेनासे होते, असे दशांशरावांनी त्यांना जमेल तितक्या मऊपणे सांगितले. मालक खुर्चीवर बसले. आपल्या माणसांना आपण इतके दिवस या नाकाच्या भरवशावर ठेवले, एवढेच ते म्हणाले आणि मग यंत्राची किंमत न विचारता ते बसवायला किती दिवस लागतात ते विचारू लागले. बाटली बंद झाली, भोंगा थांबला, आकडा उतरून शून्यावर आला. सर्किटबाईंनी दशांशरावांकडे पाहून मान डोलावली. जिंकले होते.

तेवढ्यात सर आले.

पाहुण्यांसमोर आपला विभाग दाखवायचा म्हणून सर मुद्दाम उशिरा, ऐटीत आले. मिशा आज विशेषच काळ्या दिसत होत्या. हवा आत जाते ती इथून, असे म्हणत त्यांनी मालकांना दाखवण्यासाठी नळीच्या तोंडावर तोंड नेले. आकडा उसळला आणि भोंगा केकाटू लागला. सर दचकून मागे झाले. भोंगा बंद.

"गळती कुठाय?" मालक उभे राहिले.

"गळती कसली?" सर म्हणाले. "यंत्रच कच्चं आहे. मी दर सोमवारी सांगतोय." आणि दशांशरावांवर बोट रोखण्यासाठी ते पुढे आले. भोंगा पुन्हा वाजला. ते मागे सरकले, थांबला. पूर्वी आकडा चढायलाच वेळ लागे आणि चढला की तासन्‌तास उतरत नसे, म्हणून तो कोणामुळे चढला ते कळत नसे. नळी गरम केल्यापासून यंत्र एकदम हजरजबाबी झाले होते.

दशांशराव सरांकडे बघत राहिले. सरांच्या उजव्या कानामागे मसुराएवढा एक काळा डाग होता. तसे डाग दशांशरावांच्या घरातल्या प्रत्येक टॉवेलवर होते. मग मागचे दार, नाव न सांगण्याजोगे गिऱ्हाईक आणि रविवारी संध्याकाळी नवऱ्याला घराबाहेर ठेवणारा तो कळकळीचा हुकूम, हे सगळे एकाच सरळ रेषेत येऊन बसले. इतकी सरळ रेषा त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

आणि ती कोणाला दाखवायची सोय नव्हती. खरे बोलावे तर यंत्र तरते, पण सरांची पाहुण्यासमोर शोभा होते आणि बायकोने नवऱ्यापासूनसुद्धा राखलेला शब्द नवराच मोडतो. मग तिच्या खुर्चीत कोण डोके देईल? गप्प बसावे तर उद्यापासून किलो आणि अर्धा किलो. मालकांनी पिशवी उचलली होती.

"यंत्र बरोबर आहे," दशांशराव म्हणाले. "अमोनिया आहे. तो माझ्या डोक्याला आहे. आमच्या मिसेसचं पार्लर आहे. काल मी केस रंगवले."

मालकांनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे पाहिले.

"रंगवले?"

"हो."

"कोणता रंग लावला?"

व्रत मोडायचेच तर पुरते मोडावे. "पांढरा," दशांशराव म्हणाले.

सर्किटबाईंना खोकल्याची उबळ आली आणि त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मालक हळूहळू दशांशरावांभोवती फिरून पाहू लागले. मुळात केस काळे आहेत का, असे त्यांनी विचारले, तेव्हा दशांशरावांनी पाठ वळवून मानेवरचा पुंजका दाखवला.

"तेवढे रंगवायचे राहिले," ते म्हणाले.

सरांना एव्हाना सगळे उमगले होते. त्यांचा चेहरा पडला होता तो सावरला. "मीच सुचवलं होतं यांना," ते लगेच म्हणाले. "संशोधक कसा पोक्त दिसला पाहिजे. लोकांचा विश्वास बसतो."

"मग जरा यंत्राजवळ या बघू," मालक दशांशरावांना म्हणाले.

दशांशराव वाकले. शून्य. आणखी वाकले, नाक नळीला लागले. यंत्र जन्मात इतके अचूक वागले नसेल. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर एक हात आला आणि सर मोठ्या आपुलकीने त्यांच्याबरोबर वाकले. भोंगा वाजला.

"एकट्यावर का नाही वाजला?" मालकांनी विचारले.

"यंत्राला कळायला जरा वेळ लागतो," सर्किटबाई म्हणाल्या. तो वेळ कमी करण्यात दशांशरावांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली होती, पण त्यांनी निमूट मान डोलावली.

मालकांनी यंत्र घेतले. निघताना मात्र दशांशरावांना त्यांनी जिन्यापर्यंत सोबत नेले आणि आसपास कोणी नाहीसे पाहून म्हणाले, "माझं नाक गेलं असेल, डोळे शाबूत आहेत. मिशीएवढा अमोनिया जे यंत्र पकडतं ते माझे नळ सोडणार नाही. फक्त बसवायला तुम्ही या, साहेबांना आणू नका." दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "पण बोललात काय हो. पांढरा." आणि जिनाभर हसत गेले.

संध्याकाळी दशांशराव दुकानातून घरात शिरले. बायको खुर्ची पुसत होती. तिने वर पाहिले आणि नवरा दारातून आलेला बघून फडके खाली ठेवले.

"तुझं ते रविवारचं गिऱ्हाईक," त्यांनी सुरुवात केली.

"नाव नाही सांगणार."

"नको सांगूस. एवढंच विचारतो, अमोनिया नसलेला काळा रंग मिळतो का?"

बायकोने वरच्या फळीकडे बोट केले. डबे तिथेच होते, लेबलावर ठळक अक्षरांत लिहिलेले. "इतके दिवस अमोनिया येतो कुठून हेच विचारत होतात," ती म्हणाली. "कमी कसा करायचा ते विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. खिडकीतून उड्या कशाला मारायच्या?"

दशांशराव खुर्चीत बसले आणि त्यांनी दिवसभराची सगळी हकीकत नावे गाळून सांगितली. आपण काय खोटे बोललो हे सांगताना त्यांना शरम वाटत होती. हकीकत पुंजक्यापर्यंत येईतो बायको कशीबशी थांबली आणि मग डोळ्यांना पदर लावून हसत बसली. हसणे ओसरल्यावर तिने त्यांच्या मानेवरून हात फिरवला. "माझ्या शब्दासाठी खोटं बोललात," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी ती त्यांच्याशी इतक्या मायेने बोलली होती.

पुढच्या सोमवारी सर बैठकीला आले आणि पडद्यावरचा आकडा शून्यावरून हलला नाही. सरांनी भीत भीत मिशी जवळ नेली, आणखी जवळ नेली आणि सुस्कारा टाकला. दशांशरावांची सुटका मात्र इतकी स्वस्तात होणार नव्हती. दशांशराव केस पांढरे करून घेतात ही बातमी संस्थेत एव्हाना चहाबरोबर फिरली होती. हिशेब विभागातल्या दोघांनी तर असा रंग कुठे मिळतो म्हणून विचारलेही होते. बैठक संपल्यावर सरांनी त्यांना बाजूला घेतले.

"तुमच्या मानेवर ते काळे अजून तसेच दिसतायत," सर कुजबुजले. "लोक बघतात. उद्या मालकांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? एकदा रंगवतो म्हटलं की पुरतं रंगवावं माणसानं. मूळ दिसू देऊ नये." जरा थांबून ते म्हणाले, "असं ऐकलंय मी."

मालकांना सगळे ठाऊक आहे, हे सरांना सांगायची सोय नव्हती. त्यामुळे रविवारी सकाळी दशांशराव जन्मात पहिल्यांदा बायकोच्या खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड बांधून. बायकोने काळा पुंजका बोटांत धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"नक्की ना?" तिने विचारले. "आणि हे बिनअमोनियाच्या डब्यानं होणार नाही हो. काळ्याचं पांढरं करायचं तर तिखटच लागतं."

"लाव," दशांशराव म्हणाले.

सोमवारी ते खोलीत शिरले आणि पिशवी ठेवायच्या आत भोंगा केकाटला. सर्किटबाई धावल्या. जिन्यावरून सर धावत आले, दारातच थांबले, आधी स्वतःच्या मिशीला हात लावून पाहिला आणि मग दशांशरावांच्या पांढऱ्याफटक मानेकडे. त्यांचा चेहरा समाधानाने उजळला.

"बघा," ते सर्किटबाईंना म्हणाले, "यंत्र अचूक आहे म्हणून मी पहिल्यापासून सांगतोय."

दशांशरावांनी भोंगा बंद केला आणि पडद्यावरचा आकडा नीट वाचला. इतक्या सोमवारांत हा पहिलाच आकडा होता ज्याचे कारण त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी तो सगळ्या दशांशांसकट लिहून ठेवला.